मणक्यातला जंतुसंसर्ग: पाठदुखीमागे लपणारा आजार, त्याचं निदान आणि उपचार

ताठकणा
बहुतेक पाठदुखी स्नायूंची किंवा झिजेची असते आणि काही आठवड्यांत कमी होते. मणक्यातला जंतुसंसर्ग त्या मानाने क्वचित दिसतो, पण निदान होईपर्यंत अनेक आठवडे, कधी महिने निघून जातात. तोवर हाड पोखरलं जातं, कधी पायातली ताकदही गेलेली असते. या विषयावर मराठीत सविस्तर मजकूर कमी सापडतो, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी जागा समजून घेऊ. मणक्याकडे जाणारी धमनी दोन फाटे देते: एक वरच्या मणक्याच्या खालच्या भागाला, दुसरा खालच्या मणक्याच्या वरच्या भागाला. मधल्या चकतीला मोठ्या माणसात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात. त्यामुळे रक्तातून आलेला जंतू आधी चकतीला टेकलेल्या हाडाच्या तबकडीत, म्हणजे एंडप्लेटमध्ये रुजतो आणि तिथून चकतीत उतरतो. दोन शेजारचे मणके आणि मधली चकती असे तिन्ही एकत्र बिघडलेले दिसले, तर पहिला संशय संसर्गाचा. कर्करोगाची गाठ बहुधा हाड खाते आणि चकती सोडते.

जंतू येतो कुठून? त्वचेवरचं गळू, लघवीच्या मार्गातला संसर्ग, शिरेत बरेच दिवस ठेवलेली सुई किंवा डायलिसिसची नळी, हृदयाच्या झडपेवरचा संसर्ग. कधी पाठीतली शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शन यातून थेट. सगळ्यात जास्त सापडणारा जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस. वयस्कांत लघवीतून आलेला ई. कोलाय, झडपेच्या आजारात स्ट्रेप्टोकोकस आणि एन्टेरोकोकस, आणि क्षयरोग जिथे जास्त आहे तिथे अर्थातच टीबी.

दुखण्याची चाल ओळखून ठेवावी. आडवं पडल्यावरही थांबत नाही, रात्री ठणकतं, दिवसागणिक वाढतं, एका ठरावीक मणक्यावर बोटाने ठोकलं की नेमकं तिथेच कळ येते. ताप मात्र जवळजवळ अर्ध्या रुग्णांत नसतो. ‘ताप नाही म्हणजे संसर्ग नाही’ हा निष्कर्ष या आजारात सगळ्यात महागात पडतो. मधुमेह, डायलिसिस, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, गेल्या काही आठवड्यांतला रक्तातला संसर्ग यांपैकी काही असेल, तर नव्या पाठदुखीकडे वेगळ्या नजरेने बघायला हवं.

कुतूहल
रक्ताच्या साध्या तपासणीत पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या, तर संसर्ग नाही असं धरायचं का? आणि पहिल्या भेटीत नेमकं काय करून घ्यायचं?

पेट्रीबशी
नाही धरायचं. या आजारात पांढऱ्या पेशी नॉर्मल असणं अगदी नेहमीचं आहे. खरी मदत ईएसआर आणि सीआरपीची, म्हणजे शरीरात कुठेतरी दाह चालू असल्याचं दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांची. बहुतेक रुग्णांत दोन्ही वाढलेले असतात. ते कशामुळे वाढले हे सांगत नाहीत, पण पाठदुखी आणि वाढलेला सीआरपी ही जोडी दिसली की पुढची पायरी एमआरआय आणि ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणं.

ब्लड कल्चरबद्दल नीट लिहिते, कारण सगळा उपचार त्यावर उभा राहतो आणि चुका तिथेच होतात. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्यापूर्वी, दोन वेगवेगळ्या जागच्या शिरांतून, किमान दोन संच. एका संचात दोन बाटल्या, हवेत आणि हवेविना वाढणाऱ्या जंतूंसाठी. मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त. कमी रक्त घेतलं तर जंतू असूनही वाढत नाही, आणि हे फार वेळा होतं. क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल लावल्यावर त्वचा पूर्ण सुकू द्यायची. ओल्यावरच सुई टोचली तर जंतुनाशकाला काम करायला वेळच मिळत नाही. बाटलीचं रबरी झाकणही अल्कोहोलने पुसायचं. टोपणाखाली असलं तरी ते निर्जंतुक नसतं. भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, लगेच प्रयोगशाळेत पोचवायची.

अहवाल वाचताना: एकाच बाटलीत त्वचेवरचे साधे स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) आले, तर बहुधा ती भेसळ. दोन्ही संचांत आले आणि पाठीत आधीचे स्क्रू-सळ्या असतील, तर ते खरे समजायचे. स्टॅफ ऑरियस मात्र एका बाटलीत आला तरी खराच. तो आला की हृदयाच्या झडपांची इको तपासणी करायलाच हवी.

कच्चं, न तापवलेलं दूध किंवा जनावरांशी रोजचा संबंध असेल तर ब्रुसेलाची शंका अर्जावर लिहावी. त्याची रक्तातली प्रतिपिंड तपासणी वेगळी मागावी लागते आणि हाताळताना तो प्रयोगशाळेतल्या माणसांना लागू शकतो. टीबीचे जंतू या बाटल्यांत वाढत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

क्षकिरण
एमआरआयबद्दल माझ्याकडून.

साध्या एक्स-रेवर पहिले दोन ते चार आठवडे काहीच दिसत नाही. हाडातला बराच क्षार जाईपर्यंत फरक उमटत नाही. तेव्हा ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ यावर विसंबू नये. पुढे दिसतं ते असं: एंडप्लेटची रेघ पुसट होते आणि चकतीची जागा अरुंद होते.

एमआरआय मागताना फक्त दुखणारा भाग नव्हे, संपूर्ण कण्याचे चित्र मागा. टीबीत आणि मज्जारज्जूभोवतीच्या गळवात मधे निरोगी मणके सोडून दूर दुसरा भाग बिघडलेला असू शकतो. टी-१, टी-२ आणि स्टर हे एमआरआयच्या चित्रांचे प्रकार. टी-१ वर हाड काळवंडतं, टी-२ आणि स्टर चित्रांवर हाड व चकती दोन्ही पांढरी उजळतात. मूत्रपिंडं परवानगी देत असतील तर गॅडोलिनियम (शिरेतून दिलं जाणारं, चित्र उठावदार करणारं द्रव्य) द्यावं, कारण त्यानेच पू आणि सूज वेगळी ओळखू येते. कडेला चमकणारी भिंत आणि मधे काळा भाग म्हणजे साचलेला पू, तो काढता येतो. सगळा भाग सारखा चमकला तर ती नुसती सुजलेली पेशीमय ऊती, तिथे सुई घालून काही निघत नाही.

झिजेतही एंडप्लेट टी-१ वर काळी आणि टी-२ वर पांढरी दिसू शकते, त्याला मोडिक प्रकार १ म्हणतात. तिथे गोंधळ होतो. पण झिजेत चकती सुकलेली, टी-२ वर काळीच असते आणि बाजूच्या स्नायूंत सूज नसते. संशय उरला तर एक ते दोन आठवड्यांनी पुन्हा चित्र घ्यावं. पहिल्या आठवड्यातलं चित्र फसवं असू शकतं. एमआरआय शक्यच नसेल तर पेट-सीटी.

कुतूहल
एमआरआयमध्ये संसर्ग दिसतोय, रुग्ण वेदनेने कळवळतोय, मग लगेच अँटिबायोटिक का नाही द्यायचं? थांबणं निष्ठुर वाटतं.

औषधपेटी
प्रश्न रास्त आहे. थांबायचं ते अँटिबायोटिकसाठी, वेदनाशामकासाठी नव्हे. ते पहिल्या तासापासून पुरेसं द्यायचं.

कारण असं: उपचार किमान सहा आठवड्यांचा आहे, टीबी असेल तर अनेक महिन्यांचा. कोणता जंतू, कोणतं औषध लागू, हे ठाऊक नसताना सहा आठवडे चालणं म्हणजे अंधारात नेम धरणं. दोन-तीन दिवस औषध दिलं की कल्चर निर्जीव येऊ लागतं आणि मग जंतू शेवटपर्यंत सापडत नाही. रुग्ण स्थिर असेल, पायात ताकद असेल, रक्तदाब बरा असेल, तर नमुना मिळेपर्यंत एक-दोन दिवस थांबणं सुरक्षित आहे. अपवाद दोनच, पण ते पक्के: पायातली ताकद, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाऊ लागला, किंवा रक्तात विष पसरून रुग्ण खालावतोय. तेव्हा ब्लड कल्चर घेऊन लगेच औषध सुरू.

आणखी एक चूक: लेव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, लिनेझोलिड, अमिकासिन ही औषधं टीबीच्या जंतूवरही चालतात. ‘आधी हे देऊन बघू’ म्हणून दिली की टीबी अर्धवट दबतो, दुखणं तात्पुरतं कमी होतं, नमुन्यात काही सापडत नाही आणि आजार आत वाढत राहतो. टीबीचा विचार मनात असेल तर ही औषधं नमुन्याआधी अजिबात नकोत. आणि संसर्गाचा संशय असलेल्या पाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन मुळीच नको.

पेट्रीबशी
औषधपेटींच्या मुद्द्याला जोडून. ब्लड कल्चरमध्ये स्टॅफ ऑरियस आला आणि एमआरआय जुळत असेल, तर हाडाच्या बायोप्सीची गरज बहुधा उरत नाही. बाकीच्यांत सीटीच्या आधाराने सुई घालून नमुना घ्यावा लागतो.

पहिल्या सुईत जंतू साधारण अर्ध्या वेळाच सापडतो, म्हणून नमुन्याचं नियोजन आधीच करायचं. एंडप्लेट-चकतीच्या सीमेवरचे तुकडे आणि बाजूला पू असेल तर तो. पू सिरिंजमध्येच पाठवा, कापसाच्या बोळ्यावर नको. बोळ्यावर अगदी थोडा नमुना येतो आणि टीबीसाठी तो कुचकामी असतो.

आता सगळ्यात दुःखद चूक: सगळे तुकडे फॉर्मलिनच्या डबीत. फॉर्मलिन जंतू मारतं, मग कल्चर कधीच वाढत नाही. सुई पुन्हा घालावी लागते. म्हणून सुरुवातीलाच दोन डब्या ठेवा. एक फॉर्मलिनची, पेशींच्या तपासणीसाठी. दुसरी कोरडी, निर्जंतुक, त्यात सलाइनचे चार थेंब, कल्चर आणि जीनएक्स्पर्टसाठी (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी). दोन्हींवर लेबल सुई घालण्याआधी लावा. तुकडा एकच मिळाला तर त्याचे दोन भाग करा, पण कल्चरचा वाटा डावलू नका.

अर्जावर मागायच्या गोष्टी: ग्रॅम रंग, साधं आणि हवेविना कल्चर, बुरशी, टीबीचं द्रव कल्चर, जीनएक्स्पर्ट. जीनएक्स्पर्टचं उत्तर सुमारे दोन तासांत मिळतं आणि रिफाम्पिसिनला जंतू दाद देतो का तेही कळतं. ते निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं होत नाही, कारण हाडात जंतू थोडेच असतात. द्रव कल्चरचं अंतिम उत्तर ४२ दिवसांनी, तेवढी वाट बघावीच लागते.

ताठकणा
टीबी आणि पू करणारे साधे जंतू यांतला फरक सांगतो.

साधे जंतू चकती पटकन विरघळवतात. त्यांच्याकडे प्रथिनं तोडणारी रसायनं असतात, टीबीच्या जंतूकडे ती नसतात. म्हणून टीबीत चकती बऱ्याच काळ टिकते आणि आजार मणक्यांच्या पुढच्या पट्ट्याखालून वर-खाली सरकत तीन-चार मणके गाठतो. बाजूला मोठं, पातळ भिंतीचं ‘थंड’ गळू होतं. थंड म्हणजे वर लाली नाही, गरमपणा नाही. ते कंबरेच्या मणक्यांपासून मांडीकडे जाणाऱ्या सोआस स्नायूतून उतरून मांडीच्या सांध्यापर्यंत दिसू शकतं. टीबी बहुधा छातीच्या किंवा छाती-कंबर सांध्याच्या मणक्यात, साधे जंतू कंबरेत जास्त. टीबीची सुरुवात संथ: भूक मंदावते, वजन उतरतं, संध्याकाळी अंग मोडतं. मणक्याची पुढची बाजू कोसळली की पाठीला कोन येतो, त्यालाच कुबड म्हणतात. पायांच्या लुळेपणासह पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली याचं वर्णन केलं, म्हणून ‘पॉटचा आजार’.

छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी मणक्याचा टीबी असू शकतो. हे वाक्य ठळक अक्षरात समजावं.

वाचनवेल्हाळ
कधी तातडीने निघायचं, हे कोणी नेमकं लिहील का? घरातल्या माणसांना हे कळायला हवं.

ताठकणा
मज्जारज्जूभोवती पू साचला की चार टप्पे दिसतात. पहिला, पाठीत एकाच जागी ठणका. दुसरा, पायात किंवा छातीभोवती पट्ट्यासारखी मज्जातंतूची कळ. तिसरा, पाय लटपटणं, बधिरता, लघवी सुरू व्हायला जोर लावावा लागणं. चौथा, लुळेपणा. पहिल्या दोन टप्प्यांत दिवस जाऊ शकतात, पण तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत कधी कधी काही तासच लागतात. लुळेपणा एक-दोन दिवस टिकला की ताकद परत येण्याची शक्यता फार कमी राहते. म्हणून तिसऱ्या टप्प्यात ‘उद्या दाखवू’ नाही, त्याच रात्री.

घरी बघता येईल असं: टाचांवर आणि चवड्यांवर चालता येतंय का, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागी स्पर्श कळतोय का, लघवीची जाणीव होतेय का. लघवी थेंब थेंब येत असेल तर ती होतेय असं समजू नये. ते भरून सांडणं असतं. रुग्णालयात लघवी करून झाल्यावर मूत्राशयात २०० मिलीहून जास्त उरलं, तर ते गंभीर धरतात. कंबरेतून पाणी काढणं इथे टाळतात, कारण पुवातून सुई गेली तर जंतू आत मेंदूच्या पाण्यात पोचतो.

औषधपेटी
औषधांचं थोडं सविस्तर. मात्रा इथे समजण्यासाठी देतोय, ठरवायचं काम उपचार करणाऱ्यांचं. मूत्रपिंडावर सगळं बदलतं.

मेथिसिलिनला (पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधाला) दाद देणारा स्टॅफ: सेफाझोलिन २ ग्रॅम दर ८ तासांनी. दाद न देणारा एमआरएसए: व्हँकोमायसिन १५ ते २० मिग्रॅ प्रतिकिलो, सहसा दर ८ ते १२ तासांनी, रक्तातली पातळी मोजत. न मोजता वाढवलं तर मूत्रपिंडं जातात, कमी पडलं तर हाडात पोचत नाही. रिफाम्पिसिन एकटं कधीच देऊ नये, जंतू चटकन प्रतिकार करतो.

किती दिवस? २०१५ साली लॅन्सेटमध्ये फ्रान्समधली चाचणी आली, ३५१ रुग्ण. सहा आठवडे आणि बारा आठवडे यांत बरं होण्याचं प्रमाण दोन्हीकडे ९०.९ टक्के. म्हणून सहा आठवडे. पण एमआरएसए, न काढलेलं मोठं गळू किंवा डायलिसिस असेल तर आठ आठवडे किंवा जास्त. ब्रुसेलाला किमान तीन महिने, दोन किंवा अधिक औषधं मिळून.

सगळा काळ शिरेतूनच द्यावं असंही नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ओव्हिवा चाचणीत १०५४ हाड-सांध्याच्या रुग्णांत गोळ्यांचा गट इंजेक्शनच्या गटापेक्षा कमी पडला नाही. मणक्याचे रुग्ण त्यात थोडे होते, म्हणून मी जपून वागेन: रक्तातला स्टॅफ ऑरियस निवळलेला, झडप स्वच्छ, गळू काढलेलं आणि पोटातून चांगलं शोषलं जाणारं औषध असेल तरच गोळ्यांकडे वळावं.

लिनेझोलिड दोन आठवड्यांपुढे गेलं की दर आठवड्याला रक्तपेशी मोजा, प्लेटलेट उतरतात. क्विनोलोन (लेव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांचा गट) घेताना दूध, कॅल्शियम, लोह, आम्लपित्ताच्या गोळ्या यांपासून काही तासांचं अंतर हवं, नाहीतर औषध आतड्यातच अडकतं.

टीबीत पहिले दोन महिने चार औषधं: आयसोनियाझिड ५, रिफाम्पिसिन १०, पायराझिनामाइड २५, इथाम्बुटॉल १५ मिग्रॅ प्रतिकिलो. एकूण काळ देशोदेशीच्या पद्धतींनुसार ६ ते १२ महिने, काही ठिकाणी त्याहून जास्त. आयसोनियाझिडसोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-६. लघवी नारिंगी होते ती रिफाम्पिसिनमुळे, घाबरू नये. उलटी, भूक जाणं, डोळे पिवळे हे यकृताचे इशारे, तेव्हा गोळ्या थांबवून त्याच दिवशी दाखवावं. लाल-हिरवा फरक कळेनासा झाला तर इथाम्बुटॉल थांबवावं लागतं. रिफाम्पिसिन गर्भनिरोधक गोळ्या, वॉरफॅरिन आणि मधुमेहाच्या काही औषधांचा परिणाम कमी करतं, हे सांगायचं राहून जातं.

पहिल्या काही महिन्यांत गळू वाढलं, नवं दिसलं, तरी दर वेळी ते अपयश नसतं. औषध लागू पडत असतानाही शरीराची प्रतिक्रिया अशी उसळू शकते. मात्र औषधाला दाद न देणारा टीबी नाही ना, हे कल्चरने पक्कं करूनच धीर धरायचा.

ताठकणा
शस्त्रक्रिया कधी? मज्जारज्जूवर दाब आणि ताकद घटतेय, मणका अस्थिर किंवा कोन वाढतोय, गळू सुईने निघत नाही, औषध देऊनही आजार पुढे चाललाय. यांपैकी काही असेल तर. बाकीचे बरेच रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात. कुजकं हाड नीट साफ केल्यावर टायटॅनियमचे स्क्रू घालायला हरकत नसते. उलट स्थिरता मिळाली की संसर्ग आटोक्यात यायला मदत होते. अस्थिर मणका तसाच ठेवणं हे त्याहून घातक.

चालचलन
फिजिओथेरपीच्या बाजूने. आजार मणक्याच्या पुढच्या बाजूला असतो आणि पुढे वाकलं की नेमका तिथेच भार येतो. म्हणून वाकणं आणि पीळ देणं बंद. कुशीवर वळताना दोन्ही गुडघे दुमडा, खांदा आणि कंबर एकाच वेळी, ओंडक्यासारखं वळा. मग पाय पलंगाखाली सोडून हाताच्या जोराने उठा. पट्टा आडवं असतानाच बांधायचा, उभं राहून नाही. आत सुती कापड, आणि रोज काढून त्वचा बघायची. बधिर त्वचेवर जखम झाली तरी रुग्णाला कळत नाही. पडून असताना घोटे दर तासाला वर-खाली हलवायचे, पायात गुठळी होऊ नये म्हणून. वेदना आटोक्यात आली आणि मणका स्थिर ठरला की चालणं सुरू, उगाच आठवडे पडून राहणं नको.

कुतूहल
लहान मुलांत हे वेगळं दिसतं का?

औषधपेटी
हो. मुलांच्या चकतीत रक्तवाहिन्या असतात, म्हणून संसर्ग थेट चकतीत होतो. पाच वर्षांखालचं मूल पाठ दुखते असं सांगत नाही. ते बसत नाही, चालायला नकार देतं, लंगोट बदलताना पाय उचलले की रडतं. सहा महिने ते चार वर्षांत किंगेला किंगी हा जंतू महत्त्वाचा, साध्या कल्चरमध्ये तो सहसा वाढत नाही. पीसीआर, म्हणजे जंतूची जनुकं शोधणारी तपासणी मागा.

क्षकिरण
उपचार चालू असताना दर महिन्याला एमआरआय करू नका. रुग्ण बरा होत असतानाही हाडाची चित्रं पहिले काही आठवडे वाईटच दिसतात आणि विनाकारण औषध बदललं जातं. पुन्हा चित्र घेतलंच तर हाड नव्हे, मज्जारज्जूजवळचा आणि बाजूच्या स्नायूंतला पू कमी झाला का ते बघायचं.

पेट्रीबशी
प्रगती सीआरपीवर मोजा, तो लवकर उतरतो. ईएसआर रेंगाळतो. चार आठवड्यांनंतरही ईएसआर ५० च्या वर आणि सीआरपी २.७५ मिग्रॅ प्रतिडेसिलिटरच्या वर असेल, तर उपचार अपुरा पडण्याचा धोका वाढलेला असतो. एकक मात्र तपासा. बऱ्याच प्रयोगशाळा सीआरपी प्रतिलिटर देतात, तेव्हा तोच आकडा २७.५ होतो. एका प्रयोगशाळेतला ३० आणि दुसरीकडचा ३ हे एकच असू शकतात. ते न बघता ‘दहापट कमी झालं’ म्हणून औषध थांबवलेलं परवडत नाही. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत मोजा. औषध संपल्यावरही पुढचं वर्षभर अधूनमधून सीआरपी करत राहा, पहिले सहा महिने जास्त जागरूकपणे. मधेच तोच रात्रीचा ठणका परतला, तर गोळी घेण्याआधी पुन्हा ब्लड कल्चर.